चित्राखाली नाव कुणाचं?

(रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आज एका अशा कामाबद्दल बोलू या, जे आपल्या गावात कुणी करताना दिसत नाही. चित्रं बघायची, मूर्ती बघायच्या, त्यांच्याबद्दल लिहायचं, चार लोकांत बोलायचं आणि कॉलेजातल्या मुलांना ते शिकवायचं. हे काम करणाऱ्याला कलासमीक्षक म्हणतात. तुम्ही म्हणाल, चित्रं बघायचे कुणी पैसे देतं काय? देतात. या बघण्यावरून आणखीही काही ठरतं. कुठली वस्तू संग्रहालयात जायची आणि कुठली पोतेऱ्याला लागायची, कुणाचं नाव पुस्तकात यायचं आणि कुणाचं राहून जायचं, हे बरंचसं या बघणाऱ्यांच्या हातात असतं. त्यात आपल्यासारख्या बायांची नावं पुष्कळ वेळा राहून गेली आहेत. म्हणून हे काम काय असतं ते समजून घ्यायचं.

समीक्षा म्हणजे निंदा नव्हे

‘समीक्षा’ म्हटलं की चुका काढणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. पण शब्दाचा अर्थ तसा नाही. ईक्षा म्हणजे बघणं. समीक्षा म्हणजे नीट, सगळीकडून बघणं.

हे काम आपल्या ओळखीच्या एका माणसाच्या कामासारखं आहे, ते म्हणजे कीर्तनकार बुवा. बुवा आधी एक अभंग घेतात. पूर्वरंगात त्याचा अर्थ उलगडतात, एकेक शब्द सोडवून दाखवतात. उत्तररंगात आख्यान लावतात. अभंग काही बुवांनी रचलेला नसतो. तो तुकोबांचा असतो, जनाबाईंचा असतो. पण बुवांनी उलगडला नसता तर तो आपल्यापर्यंत निम्माच पोचला असता. समीक्षकही तेच करतो. चित्र दुसऱ्याचं असतं. समीक्षक ते उलगडतो. चित्रकार कुठला, त्याच्याआधी असं कुणी काढलं होतं का, हाच रंग त्याने का घेतला, हे तो आपल्याला सांगतो.

यात एक फरक आहे. बुवा अभंगाला बरा-वाईट म्हणत नाहीत. समीक्षकाला ते म्हणावं लागतं, आणि का ते सांगावंही लागतं. सांगलीच्या हळदीच्या सौद्यात जाणता माणूस नुसता ढीग बघून बोली लावत नाही. तो हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो. समीक्षकानेही असंच मोडून बघायचं असतं. ‘मला आवडलं’ एवढ्यावर तो थांबला तर ते मत झालं, समीक्षा झाली नाही. ‘आवडलं, कारण…’ असं म्हटलं की समीक्षेला सुरुवात होते.

औंधच्या डोंगरावर

हे सगळं पुण्या-मुंबईचं आहे असं वाटत असेल तर आपल्याच खटाव तालुक्यात चला. औंधच्या यमाईला तुमच्यातल्या कितीतरी जणी पौषातल्या यात्रेला जातात. डोंगरावर देवीच्या वाटेवर श्री भवानी वस्तुसंग्रहालय लागतं. पुष्कळ जणी ‘येताना बघू’ म्हणून पुढे जातात आणि येताना एसटी गाठायची घाई असते. पुढच्या खेपेला तसं करू नका.

हे संग्रहालय उभं केलं औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. त्यांचा जन्म १८६८ चा. १९०९ साली ते गादीवर आले आणि १९५१ साली वारले. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे म्हणून अनेकांना ते माहीत आहेत. गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यकारभार लोकांच्या हाती दिला, तेही काहींना ठाऊक असेल. संस्थान फार मोठं नव्हतं. त्याची गावं आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विखुरलेली होती. आटपाडी त्यांतलीच.

राजे स्वतः चित्रं काढायचे आणि कीर्तनही करायचे. रामायणावरची त्यांची चित्रं १९१६ साली पुस्तकरूपाने निघाली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची संशोधित आवृत्ती काढायचं ठरवलं, तेव्हा १९१८ साली त्यांनी त्या कामासाठी एक लाख रुपये देऊ केले. त्यात चित्रं असावीत हा त्यांचाच आग्रह होता. १९२९ साली त्यांनी वेरूळच्या लेण्यांवर आणि १९३२ साली अजिंठ्यावर पुस्तक लिहिलं. लेण्यात शिरल्यावर कुठे काय बघायचं, कोणतं चित्र कुठल्या कथेचं, हे सांगणारी ही पुस्तकं. म्हणजे चित्र काढणारा माणूस आता दुसऱ्याचं चित्र लोकांना उलगडून सांगू लागला होता.

मग १९३८ साली डोंगरावरचं संग्रहालय सुरू झालं. राजा रविवर्म्यांची चित्रं तिथे आहेत. कोल्हापूरला जन्मलेले धुरंधर आणि कोल्हापूरचेच बाबूराव पेंटर यांची चित्रं आहेत. उत्तरेकडची हातभर आकाराचीही नसलेली बारीक कलमाची चित्रं आहेत. परदेशी नामवंत चित्रांच्या नकला आहेत, हस्तिदंताचं आणि लाकडाचं कोरीव काम आहे. रविवर्मा तर तुमच्या घरातच आहे. कमळात उभी असलेली, साडी नेसलेली, चार हातांची लक्ष्मी आपण कॅलेंडरवर बघतो ना, ती त्याच्याच चित्रावरून घराघरांत आली. १८९४ साली त्याने मुंबईत छापखाना काढला आणि देवांची चित्रं गरिबाच्या भिंतीवर पोचली. औंधला त्याच माणसाच्या हातची अस्सल तैलचित्रं बघायला मिळतात. छापील आणि अस्सल यांत काय फरक पडतो, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

राजाला पैसा होता आणि वेळही होता, हे खरं. पण पैसेवाल्या संस्थानिकांनी मोटारी घेतल्या, कुत्री पाळली. या माणसाने निवड केली. हे ठेवण्यासारखं आहे, हे बाजूला ठेवावं, ही दोन शेजारी लावावीत, असं ठरवलं. समीक्षकाच्या कामातला मोठा भाग हाच असतो.

याच राजांनी १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर जागा दिली. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव तरुणपणी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत हे तिथे लक्षात आलं, तेव्हा रंग सोडून ते यंत्रांच्या आकृत्या काढायला शिकले आणि पुढे तेच शिकवू लागले. त्यातून नांगराचा कारखाना उभा राहिला. त्याच वाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. शंकररावही चित्रकलेचे विद्यार्थी, व्यंगचित्रं काढणारे. तेव्हा चित्रकला म्हणजे रिकामपणाचा उद्योग असं कुणी म्हणालं, तर या माळावरची गोष्ट सांगा.

दगडातली आई

औंधच्या संग्रहालयात एक वस्तू अशी आहे, जी बघून पुष्कळ लोक ‘हे काय?’ म्हणून पुढे जातात. ती म्हणजे हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं ‘आई आणि मूल’ हे दगडी शिल्प. मूर जगातल्या मोठ्या शिल्पकारांत गणला जातो. त्याचं काम बघायला लोक लंडनला जातात, आणि आपल्याकडे ते यमाईच्या डोंगरावर आहे.

लोक पुढे का जातात? कारण रविवर्म्याच्या बाईसारखी ही बाई ‘हुबेहूब’ नाही. अशा ठिकाणी समीक्षक उपयोगी पडतो. तो आपल्याला दोन-तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट शिल्पकाराची. मूर १८९८ साली एका कोळसा खाणकामगाराच्या घरी जन्मला. आठ भावंडांतला तो सातवा. त्याच्या आईला संधिवात होता. लहानपणी तो तिच्या पाठीला तेल चोळून द्यायचा. पुढे मोठेपणी बसलेल्या बाईची पाठ घडवताना आपल्या हातांना तीच पाठ आठवत होती, असं त्याने सांगितलं आहे. आई आणि मूल हा विषय त्याने आयुष्यभर सोडला नाही.

दुसरी गोष्ट दगडाची. मूर म्हणायचा की दगड दगडच दिसला पाहिजे. त्याला कातडीसारखा गुळगुळीत, कापडासारखा झिरझिरीत करून लोकांना फसवायचं नाही. म्हणून तो नाकडोळे बारीक कोरत बसत नसे. बसण्यातला भार, पोराला धरण्यातला आधार दिसला की त्याचं काम झालं.

तिसरी गोष्ट तुम्हाला आधीच माहीत आहे, फक्त या जागी आठवली नसेल. आपल्या शिवेवरचा म्हसोबा किंवा झाडाखालची मरीआई बघा. तो तांदळा असतो. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता शेंदूर लावलेला दगड. तरी त्यात आपल्याला देवी दिसते. ‘हिला तोंड का नाही?’ असं आपण कधी विचारत नाही. म्हणजे आकारावरून ओळखण्याची नजर आपल्याकडे पहिल्यापासून आहे. तीच नजर घेऊन मूरच्या दगडापुढे उभं राहायचं. बाजूने बघा, मागून बघता येत असेल तर मागून बघा. भार कुठे आहे ते बघा.

हे ऐकल्यावरही तुम्हाला ते शिल्प आवडणार नाही, असं होऊ शकतं. चालेल. पण आता तुम्ही का आवडलं नाही ते सांगाल. नुसतं ‘आम्हा अडाण्यांना काय कळतंय’ म्हणणार नाही.

शिकवणारे आणि लिहिणारे

राजाचं ठीक आहे, पण साध्या घरातला माणूस हे काम करून पोट कसं भरतो? बहुतेक समीक्षक दोन-तीन कामं जोडून करतात. कलामहाविद्यालयात शिकवणं हा पगाराचा आधार. वर्तमानपत्रात किंवा मासिकात प्रदर्शनांवर लिहिणं, त्याचं मानधन. चित्रकाराच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत त्याच्या कामाची ओळख लिहिणं. प्रदर्शनात कोणती चित्रं घ्यायची आणि कशी लावायची ते ठरवणं. ठिकठिकाणी व्याख्यानं देणं. नुसत्या लिखाणावर घर चालवणारे थोडे.

आपल्या शेजारच्या कोल्हापूरचं उदाहरण घेऊ. बाबूराव सडवेलकर १९२८ साली तिथे जन्मले. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, तिथेच शिकवू लागले आणि पुढे महाराष्ट्र राज्याचे कलासंचालक झाले. शाळांतल्या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा घेतं ते कला संचालनालय, त्याचे ते प्रमुख. स्वतः चित्रकार. पण आज त्यांची आठवण काढली जाते ती लिखाणासाठीही. जुने मराठी चित्रकार कोण होते, ते कसे जगले, त्यांच्या चित्रांत काय होतं, हे त्यांनी मराठीत लिहून ठेवलं. ‘महाराष्ट्रातील कलावंत : आदरणीय आणि संस्मरणीय’ हे त्यांचं पुस्तक. सन २००० मध्ये ते गेले. कितीतरी चित्रकारांची माहिती अशा लिखाणामुळे टिकली आहे. चित्र भिंतीवरून उतरलं, कुणी विकलं, वाळवीने खाल्लं, तरी लिहिलेलं राहतं.

दुसरे द. ग. गोडसे. खानदेशात १९१४ साली जन्मलेले. नाटकांचं नेपथ्य करायचे, पुस्तकांची मुखपृष्ठं करायचे, कलेचा इतिहास आणि सौंदर्यविचार शिकवायचे. १९६३ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाचं नाव आहे ‘पोत’. हा शब्द आपला, रोजचा. लुगडं घेताना आपण कापड बोटांत धरतो आणि म्हणतो, पोत चांगला आहे. जमिनीचा पोत म्हणतो. एवढ्या विद्वान माणसाला कलेबद्दल बोलायला जो शब्द हवा होता, तो कापडाच्या आणि मातीच्या व्यवहारात मिळाला. म्हणून कलेवर बोलायला इंग्रजी यावं लागतं, अवघड शब्द यावे लागतात, ही भीती काढून टाका. वीण, पोत, काठ, भरीव, विरळ, उठाव, फिकट, भडक, मिळतं-जुळतं, अंगापेक्षा बोंगा जड, हे सगळे शब्द आपल्याकडे आहेत. रोज वापरतो, फक्त चित्रासाठी वापरत नाही.

भूकंपात पडलेल्या भिंती

आता नावाच्या गोष्टीकडे वळू. त्यासाठी जरा लांब, बिहारमध्ये जावं लागेल. तिथल्या मिथिला भागात बाया लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चित्रं काढत. कमळं, मासे, राम-सीता. पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं, पण घराच्या आत. बाहेरच्या माणसाला दिसायचं कारण नव्हतं. जानेवारी १९३४ मध्ये तिथे मोठा भूकंप झाला. घरं पडली. पाहणीला आलेल्या आर्चर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला पडक्या घरांच्या आतल्या भिंती उघड्या दिसल्या, आणि त्या भिंतींवर चित्रं. नुकसान मोजायला आलेला हा माणूस चित्रं बघत उभा राहिला. त्याने फोटो काढले, पुढे अभ्यास केला आणि १९४९ साली मुंबईच्या ‘मार्ग’ मासिकात त्यावर लेख लिहिला. पुढे तो लंडनच्या मोठ्या संग्रहालयात भारतीय विभागाचा प्रमुख झाला.

तीस-बत्तीस वर्षांनी, १९६६-६७ च्या सुमाराला, त्याच भागात दुष्काळ पडला. केंद्र सरकारच्या हस्तकला मंडळातून पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला तिकडे पाठवलं. भास्कररावांनी बायांना सांगितलं, भिंतीवर काढता तेच कागदावर काढा. कागद दिले. कागद विकता येतो, त्यावर नाव लिहिता येतं. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी या खेड्यातल्या बायांची नावं त्यातून देशभर झाली. तिघींनाही पुढे पद्मश्री मिळाली. चित्र काढण्याचं कसब त्यांच्याकडे होतंच. ‘ही कला आहे’ म्हणून कुणी बघणारा आला आणि दुष्काळात घरात पैसे आले.

हेच भास्करराव पुढे आपल्याकडे डहाणूच्या बाजूला वारली पाड्यांवर गेले. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघट देवी असते. चौक लिहायचा मान सवाष्णींचा. ही बायांची कला. भास्कररावांनी तिथे जिव्या सोमा मशे यांचा हात बघितला. जिव्यांनी लग्नाच्या चौकापलीकडे जाऊन शेती, मासेमारी, मुंग्यांची वारुळं, सगळं आयुष्य चितारलं. मोठे कलावंत होते, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ती योग्यच मिळाली. पण त्यांच्याआधी शेकडो वर्षं ज्या सवाष्णींनी चौक लिहिला, त्यांच्यातल्या एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का? येत नाही. कारण चौकाखाली नाव लिहायची रीत नव्हती आणि विचारणारं कुणी नव्हतं.

एका अमेरिकन बाईचा प्रश्न

१९७१ साली अमेरिकेत लिंडा नॉक्लिन या प्राध्यापक बाईंनी एक लेख लिहिला. त्या कॉलेजात कलेचा इतिहास शिकवायच्या. लेखाचं नावच एक प्रश्न होतं : थोर स्त्री-कलावंत का झाल्या नाहीत? लोक उत्तर द्यायचे की बायांकडे तेवढी प्रतिभाच नसते. नॉक्लिनबाई म्हणाल्या, आधी बघा की शिकायचं दार कुणाला उघडं होतं. युरोपात माणसाचं शरीर काढायला शिकणं हा चित्रकलेचा पाया मानला जायचा, आणि समोर नग्न माणूस बसवून चालणाऱ्या त्या वर्गात शेकडो वर्षं बायांना प्रवेशच नव्हता. पाया शिकवायचा नाही आणि वर मजला का नाही म्हणून विचारायचं. या एका लेखानंतर जगभरातल्या संग्रहालयांना आपल्या कोठारात पडलेली बायांची चित्रं शोधावी लागली. समीक्षकाच्या एका नीट विचारलेल्या प्रश्नात एवढी ताकद असते.

आपल्याकडेही तेच. धुरंधरांनी जे. जे. मधल्या आपल्या एक्केचाळीस वर्षांवर मराठीत पुस्तक लिहिलं. त्यांची मुलगी अंबिका धुरंधर तिथूनच चित्रकला शिकून बाहेर पडली, अशा अगदी पहिल्या स्त्रियांपैकी ती एक. तिने ‘माझी स्मरणचित्रे’ लिहिलं नसतं, तर ती ‘धुरंधरांची मुलगी’ एवढीच उरली असती. आज आपल्या देशात कलेवर लिहिणाऱ्यांत बायांची नावं ठळक आहेत. दिल्लीच्या गीता कपूर त्यांतल्या अग्रणी. म्हणजे दार उघडलं आहे, आपल्या मुलींनी आत जायचं आहे.

मुलींसाठी वाट

घरात एखादी मुलगी वहीच्या कडेला चित्रं काढत असेल तर तिला काय सांगाल? शाळेत शासकीय रेखाकला परीक्षा असतात, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट. त्या द्यायला लावा. श्रेणीप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळतात. त्या वर्षीचा नियम काय आहे ते चित्रकलेच्या शिक्षकांना विचारून घ्या. पुढे कलाशिक्षक होण्यासाठी पदविका आहे, चित्रकार-शिल्पकार होण्यासाठी पदविका आणि पदवी आहे. त्यासाठी लगेच मुंबईच गाठली पाहिजे असं नाही. सांगलीत कलाविश्व महाविद्यालय आहे, कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आहे. कलेचा इतिहास आणि समीक्षा हाच विषय घेऊन पुढे शिकायचं असेल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं नाव मोठं आहे. तिथे चित्रकला विभाग उभा करणारे ना. श्री. बेंद्रे हेही इंदूरच्या मराठी घरातले.

चित्र चांगलं काढता येतं पण चित्रकारच व्हायचं नाही, अशीही एखादी असते. एखादीला बघायला आवडतं, त्याबद्दल लिहायला, बोलायला आवडतं. तिलाही या जगात जागा आहे. संग्रहालयात, मासिकात, प्रकाशनात, कॉलेजात. तिने दोन सवयी लावून घ्याव्यात. जे बघेल त्याबद्दल रोज पाच ओळी लिहाव्यात. आणि मराठीबरोबर इंग्रजी वाचायला शिकावं, कारण या विषयावरची पुष्कळ पुस्तकं अजून तिकडेच अडकली आहेत.

आपल्या वाकळेपासून सुरुवात

तुम्ही म्हणाल, मुलींचं झालं, आम्ही काय करायचं? आपण आपल्या घरातल्या वाकळेपासून सुरुवात करू. मायेने शिवलेली वाकळ आपल्याला ‘जुन्या लुगड्यांची’ वाटते. हीच शहरातल्या दालनात भिंतीवर टांगली की लोक तिच्यापुढे उभे राहतात, आणि किमतीचा आकडा आपल्याला खोटा वाटतो. मधे काय बदलतं? वाकळ तीच असते. कुणीतरी तिच्याकडे नीट बघितलेलं असतं आणि जे दिसलं ते शब्दांत मांडलेलं असतं. ते मांडणारी आपणच का असू नये?

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एक वस्तू आणायची. वाकळ, घोंगडं, विणलेली टोपली, रुखवतातलं काही, जे असेल ते. एकीने वस्तू मधे ठेवायची आणि बाकीच्यांनी तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची.

पहिला प्रश्न, काय दिसतं? इथे चांगलं-वाईट म्हणायचं नाही. फक्त दिसतं ते. मधे लाल चौकोन, भोवती निळ्या पट्ट्या, कडेला त्रिकोण. हे वाटतं तेवढं सोपं नाही. दोन मिनिटं बोलून दाखवा.

दुसरा प्रश्न, कसं केलं? कापड कुठलं, टाका कसला, ओळी सरळ की घुमत जाणाऱ्या, सुरुवात मधून की कडेने, किती दिवस लागले. याची उत्तरं आपल्यापेक्षा चांगली कुठल्याही प्राध्यापकाला देता येणार नाहीत.

तिसरा प्रश्न, असंच का? लाल मधेच का घेतलं? हा काठ कुणाच्या लुगड्याचा? एका कोपऱ्यात वेगळंच ठिगळ का? ते चुकून आलं की मुद्दाम लावलं? मग शेवटी, आवडलं की नाही आणि कारण काय.

हे बोलून झालं की त्या वस्तूची चिठ्ठी लिहायची. संग्रहालयात वस्तूखाली असते तशी. करणारीचं पूर्ण नाव, गाव, तालुका, साल, कापड कुठलं, लागलेला वेळ, आणि नक्षीला घरात काय म्हणतात ते. नावात ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची सून’ लिहायचं नाही, तिचं स्वतःचं नाव लिहायचं. करणारी हयात नसेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, दुसरीने लिहायचं. मोबाइलवर वस्तूचा आणि चिठ्ठीचा एकत्र फोटो काढून ठेवायचा. वस्तू विकायची वेळ आली तर चिठ्ठी बरोबर द्यायची, आणि घेणारा ‘एवढे पैसे कशाचे?’ म्हणाला तर चिठ्ठीवरचं वाचून दाखवायचं.

जमलं तर गटाची एक सहल औंधला काढा. सातारकडच्यांना रहिमतपूरवरून जाता येतं, सांगलीकडच्यांना विट्यावरून. देवीचं दर्शन घ्या आणि संग्रहालयाला दोन तास राखून ठेवा. सगळं बघायची घाई करू नका. एक रविवर्मा, एक बारीक कलमाचं चित्र आणि तो मूरचा दगड, एवढ्या तिन्हींपुढे थांबा आणि हेच तीन प्रश्न विचारा. जाण्याआधी उघडण्याची वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्या.

सहलीआधी आपल्या गटाच्या चिठ्ठ्या मात्र लिहून व्हायला हव्यात. पहिल्या चिठ्ठीवर गटातल्या सगळ्यांत वयस्कर बाईचं नाव घाला. लिहिलेल्या चिठ्ठ्या आमच्याकडे पाठवा, त्या आपण याच वेळेला वाचून दाखवू, नावासकट.